सत्तावीस हजार सातशे वीस

माझे वडील रोज सकाळी घरातल्या खांबाला लुगडं नेसवायचे.

आईचं जुनं, हिरवं, विटलेलं नऊवारी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या आठवणीपोटी हे चाललं होतं असं कुणी समजू नये. ते सरावाचं लुगडं होतं. दादा अंघोळ करून यायचे, ओसरीतल्या मधल्या खांबासमोर उभे राहायचे, एका हातानं निऱ्या धरून दुसऱ्या हातानं पदर फिरवायचे आणि दोन पावलं मागं सरकून बघायचे. मग सगळं सोडवून घडी घालायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मी खुलासा करायच्या भानगडीत पडत नसे. खरं सांगायचं तर माझंही मत त्या नव्या माणसापेक्षा फारसं वेगळं नव्हतं.

जळकोटच्या हमरस्त्यापासून आत दोन कोसांवर आमचं गाव. गावाबाहेर टेकाडावर देवीचं देऊळ, आणि आम्ही तिचे पुजारी. पुजारी म्हणजे एक घर नव्हे, अख्खी भाऊबंदकी. पूजा बारीनं चालायची. ज्याची बारी त्यानं त्या दिवशी गाभाऱ्याचा उंबरा ओलांडायचा, देवीला अंघोळ घालायची, लुगडं नेसवायचं, मळवट भरायचा, नैवेद्य दाखवायचा. ज्याची बारी नाही त्यानं उंबऱ्याबाहेरून हात जोडायचे, मग तो पुजाऱ्याच्या पोटचा का असेना. बारी एका दिवसाची. रोज संध्याकाळी दिवा लागला की हलगीवाला पायरीवर उभा राहून हलगी वाजवायचा आणि उद्या कुणाची बारी ते पुकारायचा.

दादा सत्तरीला टेकले होते आणि त्यांची बारी एकदाही आलेली नव्हती.

याचं कारण आमची वंशावळ. मूळ पुरुषाला दोन मुलगे. एक दिवस एकाचा, एक दिवस दुसऱ्याचा. आमच्या बाजूच्या मुलाला तीन मुलगे झाले, त्यांनी आपल्या वाट्याचे दिवस आपसांत वाटून घेतले, म्हणजे एकेकाला सहाव्या दिवशी बारी. त्यांतल्या आमच्या पूर्वजाला सात मुलगे. मग बेचाळिसाव्या दिवशी. पुढं पाच, मग दोन, मग तीन, मग पुन्हा दोन. मुली होत्याच, पण त्या या हिशेबात धरत नसत. जसजसे पाळणे हलत गेले तसतशी बारी लांबत गेली. शेवटी माझ्या आजोबांनी तीन लग्नं केली आणि अकरा मुलगे मागं ठेवून ते गेले. त्यांतले अकरावे दादा. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. त्यांना ‘अकरावा’च म्हणत.

एकूण आकडा किती होतो हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. जो तो एवढंच लक्षात ठेवायचा की आपल्या आधी कोण आणि आपल्यानंतर कोण. तेवढ्यावर इतक्या पिढ्या बिनबोभाट चाललं होतं. आकडा काढायची अवदसा मला आठवली.

मी गावच्या शाळेत मास्तर होतो. निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकलो, तेव्हा जरब आणि तक्सीम म्हणायचो. विलीनीकरण झालं, शाळा मराठीत आल्या आणि पोरांना शिकवता शिकवता मी गुणाकार-भागाकार म्हणायला शिकलो. झेंडा बदलला, कचेरीतली भाषा बदलली, दोनदा राज्य बदललं. गणित तेवढं होतं तिथंच राहिलं. एका दुपारी मुलं पाढे घोकत होती आणि मी फळ्याच्या कोपऱ्यात पिढ्यांचा गुणाकार मांडला. दोन, तीन, सात, पाच, दोन, तीन, दोन. उत्तर आलं दोन हजार पाचशे वीस. आजोबांच्या घराला इतक्या दिवसांनी एकदा बारी. त्याला अकरानं गुणलं. सत्तावीस हजार सातशे वीस. शहात्तर वर्षांना महिना-सव्वा महिना कमी. एका माणसाच्या वाट्याला एक दिवस, तोही जगला तर.

गणिताच्या माणसाला असा आकडा हाती लागला की तो सुटत नाही. त्यातला दोन हजार पाचशे वीस आधी घ्या. आठवड्याचे दिवस सात, महिन्याचे तीस, वर्षाचे महिने बारा. तिघांचा गुणाकार तोच. एकपासून दहापर्यंत कशानंही भागा, बाकी शून्य, आणि असं करणारा त्याच्याहून लहान आकडा दुसरा नाही. अकरानं गुणला की तो अकरानंही जातो. बारासाठी वेगळं काही करावं लागत नाही, तीन आणि चार आत आधीच येऊन बसलेले असतात. तेराला पहिल्यांदा अडतो, चार उरतात. मी खडू हातात धरून हरखून उभा होतो. मग हळूहळू माझा जीव गुदमरायला लागला. एवढा मोठा आकडा, पण बारापर्यंत कुठंही फट म्हणून नाही. जिकडून भागावं तिकडून दार बंद. आणि मी त्याच्या आत होतो.

कारण आमच्यात एक नियम होता. ज्याची चूल गावाच्या शिवेबाहेर गेली, त्याची बारी गेली. दादांची चूल म्हणजे माझी चूल, कारण घरात स्वयंपाक करणारी माझी बायको. मी एकुलता एक. लातूरच्या एका हायस्कुलात गणिताच्या मास्तराची जागा होती, तिथल्या हेडमास्तरांनी मला दोनदा निरोप धाडला होता. तिथं दहावी-अकरावीची पोरं होती, भूमितीची पेटी होती, मोठा फळा होता. इथं एक खोली, चार इयत्ता आणि पावसाळ्यात टपकणारं छप्पर. दादा अकरावे आहेत म्हणून मी इथं, माझी बायको इथं, माझी लहानगी मुलगी इथं. माझी स्वतःची बारी तर दादांच्या नंतर शहात्तर वर्षांनी. ती कधीच येणार नव्हती. जी बारी माझी नाही तिच्यासाठी मी दावणीला बांधलेला होतो आणि मला त्याचा मनस्वी राग यायचा. रोज संध्याकाळी हलगी वाजली की मी घरात जाऊन बसायचो, कारण दुसऱ्या कुणाचं तरी नाव ऐकायचं माझ्यानं होत नसे.

दादांना तो राग नव्हता. आपल्या दहा भावांच्या बाऱ्या त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून बघितल्या होत्या. पहिली बघितली तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे असतील. दहाव्या भावाची बारी त्याच्या मुलानं केली. दादा घरी आले आणि मला म्हणाले, आता आपलीच. त्यांचे डोळे तेव्हा इतके निवलेले होते की मी ‘अजून सात वर्षं’ म्हणायचं टाळलं.

त्यानंतर आठ दिवसांनी भाऊबंदकीतला एकजण गेला, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

मघाशी ज्या सात भावांचं म्हटलं, त्यांची गावात सात घरं धरत. आमचं सोमवारचं घर, कुणाचं मंगळवारचं, कुणाचं शुक्रवारचं, असे वार वाटलेले. मूळ माउलीनं आपल्या सात लेकांना सात वार दिले आणि देवीनं त्यावर कौल दिला, असं सगळे म्हणत. मंगळवार-शुक्रवार देवीचे. त्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नसायची, त्यामुळं त्या दोन घरांचा तोरा वेगळा. सोमवार महादेवाचा. आमच्या वाराला देवीकडं चिटपाखरू फिरकत नसे. आमच्या कुणा पूर्वजानं नैवेद्य उष्टावला म्हणून देवीनं हा वार दिला, असंही कुजबुजत. जो गेला तो शनिवारच्या घरातला शेवटचा पुरुष. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्या बायकोला, म्हणजे नात्यानं माझ्या काकूला, बहिणीचा मुलगा दत्तक घ्यायचा होता. रीत अशी की उरलेल्या सहाही घरांनी देवीपुढच्या तबकात आपापली सुपारी ठेवली तरच दत्तक मान्य. एकानं जरी हात आखडला, तरी मेलेल्याच्या घराची सुपारी कायमची उचलायची, म्हणजे बारीतून त्याचं नावच काढायचं, आणि सातांची सहा घरं व्हायची.

सहाही घरांचा कल नाहीकडं होता. शनिवार मोकळा होईल आणि आपल्याकडं येईल, असं प्रत्येकाला वाटत होतं. तिच्या दारातून जाताना सगळ्यांचे चेहरे दुःखी आणि आपसांत बोलणी शनिवारची.

मला राहवलं नाही. पारावर सगळे जमले होते तिथं मी सांगून टाकलं, की वार देवीनं दिलेले नाहीत, सातानं दिलेले आहेत. सहा-सहा दिवसांनी येणारी बारी सात घरांत फिरली की बेचाळीस दिवस होतात, म्हणजे पुरे सहा आठवडे. म्हणून ज्याचा सोमवार त्याचा सोमवार. पुढं कितीही पिढ्यांनी गुणा, सात एकदा गुणाकारात शिरला की बाहेर पडत नाही, आणि वारही सुटत नाही. पण घरं सहा झाली तर बारी छत्तीस दिवसांवर येईल. छत्तिसात सात बसत नाहीत, एक उरतो. मग शनिवार एकट्याचा मोकळा होणार नाही. दर बारीला प्रत्येकाचा वार एकानं पुढं सरकेल.

आधी कुणाला समजलं नाही. मग मंगळवारच्या घराच्या म्हाताऱ्यानं बोटं मोजली आणि त्याचा चेहरा पडला. त्या क्षणापासून त्याला आणि शुक्रवारवाल्याला विधवेची एकदम दया यायला लागली. बिचारीचं घर बुडवायचं का, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागले. बाकीचे चौघे आता मनातल्या मनात मंगळवार मोजत होते. इतकं स्वच्छ गणित मी आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं आणि इतक्या चटकन ते कुणी शिकलंही नव्हतं.

घरी आल्यावर दादांनी विचारलं, आणि आपलं? मी तो हिशेब आधीच केलेला होता. दत्तक झालं तर आपली बारी दहाव्याच्या बारीपासून दोन हजार पाचशे वीस दिवसांनी, सात वर्षांना महिनाभर कमी, आणि सोमवारी. दत्तक मोडलं तर दोन हजार एकशे साठ दिवसांनी. जवळजवळ एक वर्ष आधी, आणि शुक्रवारी.

“शुक्रवारी?” दादा म्हणाले.

मी होय म्हटलं. त्यांना दमा होता. थंडीत त्यांची रात्र बसून जायची. एक वर्ष म्हणजे त्यांच्यासाठी काय होतं ते मला सांगायला नको होतं आणि त्यांनाही नको होतं. माझ्यासाठी एक वर्ष म्हणजे लातूर एक वर्ष जवळ. मी काही लपवलं नाही. मला काय हवंय ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. सोमवारच्या घरात वयानं दादाच वडील, तेव्हा सुपारी त्यांनीच ठेवायची किंवा ठेवायची नाही. दुपारी भलत्याच वेळी त्यांनी लुगडं काढलं आणि खांबाला नेसवलं.

बैठक देवळाच्या ओवरीत झाली. काकू खांबाआड पदर ओढून बसली होती. मंगळवार आणि शुक्रवार यांनी पुढं होऊन सुपाऱ्या ठेवल्या, अगदी पुण्य केल्याच्या थाटात. बाकीचे तिघे दादांकडं बघत होते. हा म्हातारा ठेवणार नाही, मग आपल्याला वाईट व्हायलाच नको, असं त्यांचं गणित. माझंही तेच होतं. दादा उठले, चालत तबकापाशी गेले आणि त्यांनी सुपारी ठेवली. मग तिघांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही. त्यांनीही ठेवल्या.

घरी परत येताना मी वाटेतच त्यांना गाठलं. तुमचा शुक्रवार होता, मी म्हणालो, वर्षभर आधी होता, तुम्हाला कळत होतं ना? माझा आवाज चढला होता. दादा धाप टाकत उभे राहिले.

“म्या अकरावा हाय,” ते म्हणाले. “आज सातातलं एक पुसलं, तर उद्या अकरातलं अकरावं पुसाया कुणी लाजनार न्हाय. तुला लेकरू एकच, ते बी पोरगी. म्या कुनाला काय तोंडानं सांगू, माझं पुसू नका म्हनून?”

दुसऱ्या दिवशी मी लातूरच्या हेडमास्तरांना येत नाही म्हणून कळवलं. त्यांनी दुसरा माणूस नेमला.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही, कारण ती गेलीच नाहीत, नुसती साचली. तेच वर्ग, तेच पाढे. शाळा सुटली की मी शिवेपर्यंत चालत जायचो, शेवटच्या बाभळीला हात लावून परत फिरायचो. हमरस्त्यावरून जाणाऱ्या एसटीचा आवाज वारा असेल तर तिथपर्यंत यायचा. दुसरी मुलगी झाली. बायको कधी तक्रार करत नव्हती आणि त्याचा मला जास्त त्रास व्हायचा. डोक्यात तो आकडा असायचा. दोननं भागून बघ, तीननं भागून बघ, कुठंतरी काहीतरी उरेल. काही उरत नसे. मला तेरा आवडायला लागला होता, कारण एकपासून मोजत गेलं की त्यातून बाहेर राहणारा पहिला तोच होता.

दादा खांबाला लुगडं नेसवतच होते. हात थरथरायला लागले होते, पण निऱ्या सरळ पडायच्या.

अशाच एका शुक्रवारी सकाळी ते म्हणाले, मला देवळात ने. थंडी होती, त्यांचा श्वास लागलेला होता, मी नको म्हणत होतो. ते ऐकेनात. टेकाड चढायला आम्हाला सकाळचा निम्मा वेळ लागला. आदल्या संध्याकाळी हलगीवाल्यानं शुक्रवारच्या घराची बारी पुकारली होती. त्या घरचा एक तरणा पुजारी घाईघाईत देवीला लुगडं नेसवत होता, बाहेर गर्दी होती. दादा उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि एकटक बघत राहिले. परत निघताना एवढंच म्हणाले, “निऱ्या वाकड्या पडल्या.”

उतरताना मला उमगलं. मी मनाशी दिवस मोजले आणि माझे पाय जागीच थांबले. हा तोच शुक्रवार होता. दत्तक मोडलं असतं तर आज आत ते असते. मी तो हिशेब कधीच सोडून दिला होता. त्यांनी एकही दिवस न चुकवता धरून ठेवला होता. मी त्यांचा दंड घट्ट धरला. मला त्यांच्याशी भांडायचंही होतं आणि त्यांच्या पाया पडायचंही होतं. दोन्ही केलं नाही. दगड बघून पाय टाका, एवढंच म्हणालो.

ते पुढच्या दसऱ्यानंतर गेले. त्यांच्या सोमवारला तीन महिने उरले होते.

मेलेल्या माणसाची आलेली बारी मुलगा करतो. आदल्या संध्याकाळी हलगी वाजली. त्या दिवशी मी घरात गेलो नाही, अंगणात उभा राहून ऐकलं. हलगीवाल्यानं पुकारलं, “उद्या अकराव्याची बारी.” इतकी वर्षं ते शब्द ऐकायला जो माणूस थांबला होता, तो तेवढा नव्हता.

सोमवार. पहाटे मी उंबरा ओलांडला. आत आमच्या शाळेच्या खोलीच्या चौथ्या हिश्शाएवढीही जागा नव्हती. एक माणूस उभा राहील, दुसरा नाही. पाण्याचा, तेलाचा, जुन्या फुलांचा वास. एवढ्याशा जागेसाठी एवढा मोठा आकडा, असं मनात आलं आणि मला रागच आला. मी अंघोळ घातली. लुगडं हातात घेतलं. निऱ्या धरल्या आणि त्या सुटल्या. पुन्हा धरल्या, पुन्हा सुटल्या. जन्मभर रोज सकाळी बघितलेली गोष्ट, पण मी ती वैतागून बघितली होती.

बाहेर कुणी तरी आहे हे मला तेव्हा जाणवलं. काकू उंबऱ्याच्या पलीकडं बसली होती. अख्ख्या देवळात ती एकटी. कधी आली होती कुणास ठाऊक.

“भावजी खांबाला नेसवायचे तसं नेसवा,” ती म्हणाली. “भिंतीला पाठ टेकवून उभं ऱ्हावा आनि डोळं मिटा. हात आपसूक जातील.”

मी डोळे मिटले. आमची ओसरी दिसली, खांब दिसला, दोन पावलं मागं सरकून बघणारे दादा दिसले. निऱ्या पडल्या. सरळ पडल्या की नाही ते मी सांगू शकत नाही, कारण त्यानंतर बराच वेळ मला नीट दिसत नव्हतं. काकू दिवसभर तिथंच बसून होती. तिच्याखेरीज सोमवारी कुणी आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात मी लातूरला गेलो. दुसऱ्या एका शाळेत जागा मिळाली. चूल शिवेबाहेर गेली. माझ्या चुलतभावांनी अकरावी सुपारी उचलली, आणि त्यासाठी बैठकसुद्धा घेतली नाही. दादा म्हणाले होते तसंच, कुणी लाजलं नाही.

बऱ्याच वर्षांनी त्यांच्यातल्या एकाचा मुलगा लग्नपत्रिका घेऊन घरी आला. जेवताना कुरकुरत होता. आता दहाच आहोत, तर बारी लवकर येते, पण काका, वार काही बदलत न्हाय बघा, त्या दत्तकापायी अजून सोमवारच. शनिवारचं घर आता चांगलं वाढलंय, तीन मुलगे आहेत, असंही त्यानं सांगितलं. तो गेल्यावर मी मुलीच्या जुन्या पाटीवर नवा आकडा मांडला. पंचवीस हजार दोनशे. अकरानं भागून बघितलं. गेला नाही, दहा उरले. मग सातानं भागलं. बाकी शून्य.